गुडघेदुखीसाठी आयुर्वेद आजमावताना : पहिल्या बारा आठवड्यांचे मार्गदर्शन

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांच्या गुडघ्यांची झीज झाल्याचे निदान झालेले आहे, शस्त्रक्रियेची वेळ अजून आलेली नाही, वेदनाशामक गोळ्या रोज घेणे पोटाला किंवा मूत्रपिंडांना परवडत नाही आणि आयुर्वेदाचा उपचार एकदा नीट करून पाहावा असे ज्यांना मनापासून वाटते. मी वैद्य नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या निमित्ताने आम्ही या वाटेवर आधी चुकलो, मग सावरलो, आणि त्यात जे कळले ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगायला हवी. ‘आयुर्वेदाने गुण आला’ आणि ‘काही फरक पडला नाही’ ही दोन्ही वाक्ये बहुतेक घरांत अंदाजाने बोलली जातात. जुनाट दुखणे आपोआपही कमी-जास्त होत असते. ते थंडीत वाढते, लग्नसराईच्या धावपळीत वाढते, चार दिवस विश्रांती मिळाली की उतरते. आणि आपण नवे औषध नेमके दुखणे शिगेला पोहोचल्यावर सुरू करतो, त्यामुळे त्यानंतरचा उतार औषधाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून उपचाराला सुरुवातीची तारीख हवी, मुदत हवी आणि मोजमाप हवे. ही तिन्ही नसतील तर महिनोन्‌महिने पैसे जात राहतात आणि गुण आला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिली पायरी : दुखणे नेमके कोणते, ते ठरवून घ्यावे

मराठी घरात कोणताही सांधा दुखला की त्याला ‘संधिवात’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. आयुर्वेदात मात्र निदान तीन वेगवेगळ्या दिशांनी जाऊ शकते, आणि उपचारही त्याप्रमाणे बदलतात. वयानुसार होणारी सांध्याची झीज संधिगतवातात मोडते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात तिचे वर्णन आहे : सूज हाताला वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखी लागते आणि सांधा पसरताना व आखडताना वेदना होतात. आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिली तेव्हा ही उपमा किती नेमकी आहे हे मला कळले. दुसरा आमवात. त्याचे सविस्तर वर्णन माधवनिदानात येते आणि तो आजच्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी बराच मिळताजुळता आहे. तिसरे वातरक्त, ज्याची लक्षणे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या गाऊटशी जुळतात.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. संधिगतवातात तेलाचे मालीश आणि स्निग्ध उपचार हाच पाया असतो, तर आमवातात सुरुवातीला तेल लावणे वैद्य कटाक्षाने टाळतात, हलका आहार देतात आणि तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक देतात. त्यामुळे शेजारच्या काकूंना ज्या तेलाने बरे वाटले त्याच तेलाने आपली सूज वाढू शकते, आणि त्यात तेलाचा दोष नसतो.

सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील, दुखणे चालल्यावर वाढत असेल आणि बसल्यावर उतरत असेल, तर झीज असण्याची शक्यता अधिक असते. ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील, तर आमवाताच्या दिशेने तपासणी व्हायला हवी. तेव्हा वैद्यांकडे जाण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्यावे, गुडघ्यांचा एक्स-रे शक्यतो उभे राहून काढावा आणि त्यांना आवश्यक वाटल्यास ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी व युरिक ॲसिड या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. हे कागद वैद्यांनाही हवेच असतात.

काही परिस्थितींत मात्र आयुर्वेदाचा किंवा घरगुती उपायांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तापासह एकच सांधा लाल, गरम आणि हात लावू न देण्याइतका दुखरा झाला असेल, पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, रात्री झोपेतून उठवणारी वेदना आणि वजनातली घट एकत्र दिसत असेल, किंवा कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचे नियंत्रण गेले असेल, तर एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. ऱ्हुमॅटॉइडचे निदान झालेले असेल तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे स्वतःहून कधीही थांबवू नयेत, कारण त्या आजारात सांध्याचे नुकसान पहिल्या काही वर्षांतच वेगाने होते आणि झालेले नुकसान परत भरून येत नाही.

दुसरी पायरी : अपेक्षा कुठवर ठेवावी

गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदाच्या चांगल्या म्हणता येतील अशा काही चाचण्या झालेल्या आहेत, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या पुढाकाराने झालेली आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ४४० रुग्णांवर, २४ आठवडे चालली. तिच्यात गुळवेल-सुंठ यांसारख्या वनस्पतींपासून बनवलेल्या दोन औषधांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी केली गेली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना किंवा तपासणाऱ्यांना माहीत नव्हते. वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत आयुर्वेदिक औषधे त्यांच्या तोडीस तोड ठरली. मात्र आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सात रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचे मूल्य वाढलेले आढळले आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. जाहिरातीत पहिला निष्कर्ष येतो, दुसरा येत नाही; नव्या माणसाला दोन्ही ठाऊक असले पाहिजेत.

नागपूरमध्ये शल्लकीवर, म्हणजे आपल्या सातपुड्यात आणि विदर्भात आढळणाऱ्या सालई वृक्षाच्या डिंकापासून केलेल्या औषधावर झालेली, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी लहान होती. तिच्यात ३० रुग्ण होते. त्यांचे दुखणे कमी झाले, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले, पण एक्स-रेमध्ये काहीही बदल दिसला नाही. बर्लिनमध्ये १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेल, शेक, आहार, योग असे एकत्रित आयुर्वेदिक उपचार १२ आठवडे दिले गेले आणि त्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक आराम मिळाला. अर्थात तिथे आपल्याला कोणते उपचार मिळत आहेत हे रुग्णांना दिसतच होते, त्यामुळे त्या आरामात मायेने केलेल्या शुश्रूषेचा आणि विश्वासाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

या सगळ्याचा माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ असा, की वेदना काही अंशी कमी होणे, गोळ्या कमी लागणे आणि जिना सोपा जाणे ही अपेक्षा रास्त आहे. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, पुन्हा वाढेल, एक्स-रे तरुण माणसासारखा दिसेल, असे जो कोणी सांगतो त्याच्याकडून उठून यावे. अशा आजारांवर हमखास इलाज असल्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मुळातच मनाई केलेली आहे.

तिसरी पायरी : औषधाआधी वही

पहिली पुडी घेण्याच्या आधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवावी. हा काळ वाया जात नाही. त्याच्याशिवाय पुढची तुलना कशाशी करणार? आईने यासाठी किराणाच्या हिशोबाचीच शंभर पानी वही उलट्या बाजूने वापरली होती. रोज रात्री जेवणानंतर ती चार गोष्टी लिहीत असे : दिवसभरातले दुखणे शून्य ते दहापैकी किती, आमच्या इमारतीच्या अठरा पायऱ्या कठडा न धरता किती चढता आल्या, न थांबता कुठपर्यंत चालणे झाले, आणि वेदनाशामक गोळी घेतली का. दर रविवारी आणखी एक मोजमाप होत असे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून, दोन्ही हात छातीशी धरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मी घड्याळ लावून मोजत असे. पहिल्या रविवारी तिला सहा वेळा उठता आले होते.

या सगळ्यांत सर्वांत प्रामाणिक आकडा गोळ्यांचा असतो. ‘आज बरं आहे’ हे माणूस समोरच्याचे मन राखण्यासाठीही म्हणतो, विशेषतः घरच्यांनी उपचारावर खर्च केलेला असेल तर. पण महिन्याभरात किती गोळ्या संपल्या हे पाकीट सांगते.

चौथी पायरी : वैद्य निवडणे

बीएएमएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, त्यात एक वर्षाची आंतरवासिता येते. त्यापुढे कायचिकित्सा (पोटातील औषधांनी करायचे उपचार) किंवा पंचकर्म (तेल, शेक, बस्ती यांसारखे शोधन-उपचार) या विषयांत एमडी केलेले वैद्य जुनाट सांधेदुखीसाठी अधिक योग्य. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. मात्र पदवी आणि रोजचा व्यवसाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीएएमएस असलेले अनेक डॉक्टर दिवसभर ॲलोपॅथीचीच औषधे देतात. ते आपल्या जागी चांगले काम करत असतात, पण आपल्याला हवा असलेला अनुभव त्यांच्याकडे असेलच असे नाही. ‘आपण सांधेदुखीच्या रुग्णांवर प्रामुख्याने आयुर्वेदिक चिकित्सा करता का?’ असा सरळ प्रश्न विचारावा.

ओळखीचे कोणी नसेल तर महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयापासून सुरुवात करणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. मुंबईत वरळीचे पोदार रुग्णालय, पुण्यात रास्ता पेठेतले ताराचंद रामनाथ रुग्णालय, नागपूर आणि नांदेड येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालये, गोव्यात धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, असे पर्याय आहेत. रांगेत वेळ जातो, शिकाऊ वैद्य तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, पण केसपेपर नीट भरला जातो, औषधांची नावे लिहिलेली असतात आणि खर्चही आटोक्यात राहतो.

पहिल्या भेटीला एक्स-रे, रक्ताचे अहवाल, वही आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. वैद्य गुडघ्याआधी भूक, झोप, शौचाला साफ होते का, तहान, घाम यांविषयी विचारतील, नाडी पाहतील, जीभ पाहतील. नव्या माणसाला हे विषय सोडून बोलल्यासारखे वाटते. त्यांच्या पद्धतीत पचनावर औषधाची मात्रा आणि निवड अवलंबून असते, तेव्हा उत्तरे मोघम देऊ नयेत. निघताना आपणही तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात : निदान काय केले, औषधांची पूर्ण नावे कोणती, आणि किती आठवड्यांत कोणता फरक दिसायला हवा. तिसऱ्या प्रश्नाला जे वैद्य विचार करून उत्तर देतात त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

पाचवी पायरी : औषध हातात आल्यावर

महाराष्ट्रात कित्येक वैद्य चूर्णे एकत्र करून पुड्या बांधून देतात. ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, कारण मात्रा माणसागणिक बदलता येते. पण पुडीवर काही छापलेले नसते. म्हणून ‘या पुडीत काय आहे ते केसपेपरवर लिहून द्याल का?’ अशी नम्र विनंती प्रत्येक वेळी करावी. चांगले वैद्य आनंदाने लिहून देतात. ‘ते आमचे गुपित आहे’ असे उत्तर मिळाले तर ती पुडी घेऊ नये, मग देणारी व्यक्ती कितीही आदरणीय असो.

बाटलीबंद किंवा डबीतले औषध असेल तर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी या गोष्टी पाहाव्यात. वत्सनाभ, कुचला, भिलावा, पारा यांसारखी विषारी द्रव्ये असलेल्या पोटातून घ्यायच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून शोधावी.

नाव नीट वाचणे किती महत्त्वाचे आहे याचे एकच उदाहरण देतो. सांधेदुखीत सर्रास दिले जाणारे योगराज गुग्गुळ हे सुंठ, पिंपळी, चित्रक, त्रिफळा अशा वनस्पती आणि गुग्गुळ यांपासून बनते. त्याच्याच शेजारी फळीवर महायोगराज गुग्गुळाची डबी असते. त्या ‘महा’ या दोन अक्षरांमागे वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर आणि रससिंदूर आहेत. म्हणजे शिसे आणि पारा यांच्यापासून केलेली द्रव्येही आहेत. वैद्याने विचारपूर्वक, मोजक्या दिवसांसाठी ते देणे वेगळे, आणि दुकानदाराने ‘हे जास्त पॉवरचे आहे’ म्हणून हातात ठेवल्यावर वर्षभर घेणे वेगळे. अमेरिकेतील बॉस्टन भागात दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी भारतातून पिशवीभर औषधे मागवताना हे लक्षात ठेवावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने निदान पहिले बारा आठवडे भस्मे (धातू-खनिजे जाळून केलेली पूड) आणि रसकल्प (पाऱ्यापासून केलेली औषधे) असलेली औषधे नकोत असे वैद्यांना स्पष्ट सांगावे. माझ्या माहितीत कोणत्याही वैद्यांनी याला नकार दिलेला नाही.

आता आमची चूक. वैद्यांकडे जाण्याच्या आधी एका नातेवाइकांनी गावाकडून आईसाठी काळपट गोळ्यांची पुडी आणली होती. कोणाचे नाव नाही, यादी नाही, फक्त ‘जडीबुटी’. तिसऱ्या दिवशी आई कठडा न धरता जिना उतरली आणि आम्ही सगळे हरखून गेलो. दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल दिसू लागला, वजन चढले, आजवर नियंत्रणात असलेली साखर एकदम वाढली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चेहरा पाहताच विचारले, ‘ताई, कुठल्या गोळ्या घेताय?’ त्यात स्टेरॉइड मिसळलेले असावे असा त्यांचा स्पष्ट संशय होता. आम्ही घाबरून गोळ्या तिथल्या तिथे बंद करायला निघालो, तेव्हा त्यांनी रोखले, कारण दोन महिने स्टेरॉइड घेतल्यावर ते अचानक थांबवले तर शरीराची स्वतःची यंत्रणा चालत नाही आणि रक्तदाब कोसळू शकतो. मात्रा त्यांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागली. दोन-तीन दिवसांत जादूसारखा गुण ही आनंदाची नव्हे, सावध होण्याची खूण आहे. वनस्पतिजन्य औषधाचा परिणाम दिसायला आठवडे लागतात.

सहावी पायरी : दोन्ही डॉक्टरांना सर्व सांगणे आणि रक्त तपासणे

‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य मी आता ऐकूनही घेत नाही. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल या रक्तदाब-हृदयाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण घटू शकते. हळदीचा अर्क आणि गुग्गुळ रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेताना रक्तस्रावाचा धोका असतो. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी बदलू शकते आणि काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणी ती टाळावी. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत गूळ आणि आंबवण्यातून तयार झालेले मद्य असते, हे मधुमेहींना कोणी सांगत नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी झाले आणि त्यानंतर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता. वाद तज्ज्ञांचा आहे. आपण तपासणी करून घ्यावी हे दोन्ही बाजूंना मान्य होईल.

म्हणून औषध सुरू करण्याआधी आणि त्यानंतर सहाव्या आठवड्यात एसजीपीटी आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासावे. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता वनस्पतिजन्य औषध थांबवावे आणि डॉक्टरांना गाठावे. साखरेच्या, रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या असतात. त्या बंद करा असे गुडघ्याच्या उपचारासाठी सांगणारे वैद्य बदलावेत.

सातवी पायरी : बाहेरून करायचे उपचार

मला आणि आईला सर्वांत अधिक भावलेला भाग हा. जानुबस्तीसाठी उडदाचे पीठ घट्ट मळून त्याची लांब वळी करतात आणि गुडघ्याच्या वाटीभोवती ती कड्यासारखी बसवतात. उंची चार बोटांची. मग ओल्या बोटाने आतून आणि बाहेरून कडा लिंपतात, कारण गुडघ्याच्या उताराच्या बाजूने तेल हमखास झिरपते. गुडघ्याखालच्या खळगीत जुन्या धोतराची घडी द्यावी लागते. महानारायण किंवा वैद्यांनी सांगितलेले तेल थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून तापवतात, थेंबभर मनगटावर टाकून पाहतात आणि मगच कड्यात ओततात. तेल निवू लागले की पळीने थोडे काढून तेवढेच कोमट घालत राहायचे, असे अर्धा ते पाऊण तास चालते. नंतर पीठ सोडवून हलके मालीश आणि निर्गुडी-एरंडाच्या पाल्याची वाफ. पहिल्या दिवशी आई पाऊण तास डोळे मिटून पडून होती, आणि इतक्या वर्षांत तिला दुपारच्या वेळी नुसते पडून राहिलेले मी पाहिले नव्हते.

हा उपचार प्रथम पंचकर्म विभागात प्रशिक्षित हातांकडून करून घ्यावा. सलग किती दिवस ते वैद्य ठरवतात. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना गरम तेलाचा चटका कळत नाही, म्हणून त्यांनी हे आधीच सांगावे. जखम, त्वचेचा संसर्ग, पोटरीत रक्ताची गुठळी असल्याचा संशय असेल तर मालीश आणि शेक दोन्ही वर्ज्य. विषगर्भ तेल फक्त बाहेरून लावायचे असते. त्यात वत्सनाभ आणि धोत्रा असतो, तेव्हा बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि लावल्यावर हात धुवावेत.

जळू लावणे, अग्निकर्म (तापवलेल्या शलाकेने दिलेला डाग) आणि विद्धकर्म (सुईने टोचणे) हेही वेदनेसाठी केले जातात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जळू लावून घेऊ नये. बस्ती म्हणजे औषधी तेलाचा किंवा काढ्याचा गुदमार्गे दिला जाणारा उपचार, वातविकारांत तो मुख्य मानला जातो आणि परंपरेने पावसाळ्यात दिला जातो. पण पहिल्याच भेटीत एकवीस दिवसांचे पॅकेज भरण्याचा आग्रह झाला तर घरी जाऊन विचार करतो म्हणावे. विमा असेल तर दाखल होण्याआधी कंपनीकडून लेखी मान्यता घ्यावी. आयुष रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना अनेक पॉलिसी संरक्षण देतात, बाह्यरुग्ण विभागातील तेल-शेकाचा खर्च मात्र बहुधा आपलाच असतो.

आठवी पायरी : व्यायाम आणि ताट

मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम सोडून केवळ तेल लावणे म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणे. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडी आवळून दहा अंक मोजावेत, हळूच खाली ठेवावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत तपासून घ्यावी. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. उकिडवे बसणे टाळावे आणि पूजेचा पाट काही काळ बाजूला ठेवून खुर्ची घ्यावी. आईला हे औषधापेक्षा जड गेले.

वैद्य बहुधा वाल, पावटे, शिळे आणि फार थंड पदार्थ बंद करतात आणि मूग, तूप, लसूण, सुंठ घ्यायला सांगतात. बारा आठवडे ते पाळायला हरकत नाही. परंतु साठीपुढच्या माणसाची पथ्यांची यादी इतकी लांबू नये, की डाळी, दूध, अंडी सगळेच सुटून स्नायूच कमी व्हावेत.

नववी पायरी : सहावा आणि बारावा आठवडा

सहाव्या आठवड्यात रक्ताचा अहवाल आणि वही घेऊन वैद्यांकडे जावे. दुखण्यात काहीच हालचाल नसेल तर औषध किंवा निदान बदलण्याची ही वेळ असते. नवी दोन औषधे एकाच दिवशी सुरू करू नयेत, नाहीतर गुण किंवा अपाय कशाचा ते कळत नाही.

बाराव्या आठवड्यात पहिल्या दोन आठवड्यांचे पान आणि शेवटच्या दोन आठवड्यांचे पान शेजारी ठेवावे. आईचे दुखणे सातावरून चारावर आले होते, महिन्याच्या गोळ्या एकोणीसवरून सहावर आल्या होत्या, खुर्चीवरून ती तीस सेकंदांत दहा वेळा उठत होती. एक्स-रे पूर्वीसारखाच होता. वैद्यांनी पोटातली औषधे थांबवली आणि आठवड्यातून दोनदा तेल व रोजचा व्यायाम एवढे कायम ठेवले. पुढचे दोन महिने आकडे तिथेच टिकले, त्यावरून पोटातल्या औषधांची गरज संपली असे आम्ही धरून चाललो. आपल्या वहीत दुखणे दोन अंकांनीही उतरले नसेल आणि गोळ्यांची संख्या तीच असेल, तर उपचार लागू पडला नाही असे स्वच्छ मनाने लिहावे आणि वेळ व पैसा दुसरीकडे वळवावा.

कधीकधी तो दुसरा मार्ग सांधाबदलाच्या शस्त्रक्रियेचा असतो. रात्रीची झोप जात असेल, गुडघा वाकडा होत चालला असेल, घराबाहेर पडणे बंद झाले असेल, तर तेल-काढ्यांसाठी आणखी वर्षभर थांबू नये. मांडीच्या स्नायूंची झालेली तयारी शस्त्रक्रियेनंतर चालू लागताना उपयोगीच पडते. त्या वेळी शल्यचिकित्सकांना आणि भूलतज्ज्ञांना आपण घेत असलेल्या प्रत्येक वनस्पतिजन्य औषधाचे नाव वहीतून वाचून दाखवावे, रक्तस्राव वाढवू शकणारी औषधे किती दिवस आधी थांबवायची ते त्यांच्याकडून विचारून घ्यावे आणि ती तारीख त्याच वहीत लिहून ठेवावी.